पैसे वसूल

राणीच्या बागेत तुम्ही शेवटचे कधी गेला होतात? मुंबईतल्या माणसाला हा प्रश्न विचारला की उत्तर साधारण ठरलेलं असतं. एकदा शाळेच्या सहलीत, एकदा स्वतःच्या पोरांना घेऊन, आणि तिसऱ्यांदा गावाहून कोणी आलं म्हणून. माझी परवा ही तिसरी खेप झाली. गावाहून आलेले म्हणजे मामा. वय अठ्ठ्याहत्तर, मुक्काम मालवण तालुका, येण्याचं कारण उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू. ऑपरेशन नीट झालं, डॉक्टरांनी काळा चष्मा लावून हिंडायला परवानगी दिली, आणि मामांनी जाहीर केलं, "माका राणीची बाग बघूची आसा."

मी सिद्धिविनायक सुचवून पाहिलं, सी लिंक सुचवली. नाही. राणीची बागच.

मामा १९६४ साली, सतराव्या वर्षी, बोटीने मुंबईत आले आणि लालबागला गाववाल्यांच्या खोलीत पथारी टाकून गिरणीत लागले. एका खोलीत वीस-पंचवीस माणसं, पाळ्यांप्रमाणे झोपायची. सुट्टीच्या दिवशी त्या खोलीत बसणं शक्यच नव्हतं, आणि लालबागहून चालत जाण्यासारखी आणि खिशाला परवडणारी जागा म्हणजे ही बाग. त्यामुळे मामांची राणीची बाग आणि माझी राणीची बाग वेगळी. मी तिथे प्राणी बघायला गेलो, ते झाडाखाली झोपायला जायचे!

ही बाग १८६२ साली उघडली. तेव्हा नाव व्हिक्टोरिया गार्डन्स, म्हणून राणीची बाग. अधिकृत नाव आता वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे, पण लोकांनी काही जिभेची सवय बदललेली नाही. आत शिरण्याआधी भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेरचा दगडी हत्ती लागतो. मूळचा घारापुरीचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं. इंग्रजांनी त्याला इंग्लंडला न्यायचा घाट घातला, उचलताना क्रेन तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. पुढे ते तुकडे जोडून त्याला इथे उभा केला. काळा घोडाही इथेच, १९६५ साली फोर्टातून हलवलेला. मामा त्याच्याकडे बघून ओळखीचं हसले. या बागेत कधीही या, हमखास दिसणारे प्राणी दोनच, एक हा हत्ती आणि दुसरा हा घोडा. बाकीच्यांचं तुमच्या नशिबावर आणि त्यांच्या मर्जीवर.

नाही म्हणायला पेंग्विन दिसतात. २०१६ साली सोलहून आठ आणले, त्यातला एक त्याच वर्षी गेला, आणि २०१७च्या मार्चपासून ते लोकांना बघायला खुले झाले. त्याच वर्षी मोठ्यांचं तिकीट पाचावरून पन्नास रुपये झालं, त्यावरून पेपरात बरंच रण माजलं होतं. आत थंडगार हवा, काचेपलीकडे पाणी, आणि काचेला नाकं लावलेली शंभरेक पोरं. "बर्फातसून हयसर?" असं मामा हळहळले. मी त्यांना सांगितलं की हे हम्बोल्ट जातीचे, पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे, बर्फाशी यांचा संबंध नाही. हे ऐकून मामांना एकदम ते जवळचे वाटायला लागले. म्हणजे दर्यावर्दीच की! मग बांगडे खातात का, तारले खातात का, अशी चौकशी सुरू झाली. असो.

खरी गोष्ट बिबट्याकडे घडली.

राणीच्या बागेतले जुने पिंजरे ज्यांना आठवतात त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. गजांची खोली, खाली फरशी, कोपऱ्यात पाण्याची टाकी आणि त्यात डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फेऱ्या मारणारा वाघ. लहानपणी मला वाटायचं की वाघ असाच चालतो, म्हणजे ती त्याची पद्धतच आहे. दिसायचा मात्र शंभर टक्के. आता तसं नाही. नव्या जागा ऐसपैस केल्यात, आत झाडी, खडक, पाणी, आणि पुढे मोठी काच. २०२०च्या जानेवारीत अशा काही जागा खुल्या झाल्या. चांगली गोष्ट आहे. पण झाडी आली म्हणजे लपायला जागा आली, आणि लपायला जागा मिळाल्यावर बिबट्या दुसरं काय करणार?

आम्ही पोचलो तेव्हा काचेसमोर पंचवीसेक माणसं होती. बिबट्या नव्हता. म्हणजे पाटीवर होता, आत दिसत नव्हता. एक जण काचेवर टकटक करत होता. दोन तरुण शिट्ट्या घालत होते. "खाली है रे," "मर गया होगा," "बाहेर गेला असेल चहा प्यायला," असे विनोद चालले होते. एक गृहस्थ, बायको आणि दोन पोरं घेऊन आलेले, घाम पुसत म्हणाले, "इतक्या लांबून यायचं आणि काही दिसायचं नाही. पैसे कसले वसूल!" आणि पुढच्या जागेकडे निघून गेले. एकेक घोळका येत होता, जेमतेम मिनिटभर थांबत होता, निराश होऊन जात होता.

मला हे हल्ली फार खटकतं. तिकीट काढलं की आपल्याला बघायचा हक्क मिळतो, मान्य. पण त्या जनावरावर दिसायचं कर्ज कधी चढलं? पन्नास रुपयांत त्याने तुमच्यासमोर येऊन उभं राहायचं, शक्य झाल्यास डरकाळी फोडायची, फोटो नीट येईपर्यंत हलायचं नाही. बिबट्या हे जनावरच मुळी न दिसण्यावर जगतं. आमच्या गावाकडे त्याला नुसतं 'वाघ' म्हणतात (पट्टेवाला आला तर तो 'पट्टेरी'), आणि गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांनी त्याला आयुष्यात दोनदा-तीनदाच धड पाहिलेला असतो. बाकी सगळं म्हणजे वाटेवरचे ठसे, रात्री एकदम गप्प झालेले कुत्रे आणि सकाळी कमी भरलेलं एखादं शेळीचं पिल्लू. तरी वाघ 'आसा' यात कोणाला शंका नसते. दिसत नाही म्हणजे नाही, हे गणित शहरातलं.

प्राणिसंग्रहालयं चालवणाऱ्यांना हे फार पूर्वी कळलेलं आहे. हॅम्बुर्गजवळ कार्ल हागेनबेकने १९०७ साली गज काढून टाकले आणि मध्ये खंदक ठेवून जनावरं मोकळी ठेवली. पण तो मुळात जनावरांचा व्यापारी. त्याचं लक्ष बघणाऱ्याला जंगल वाटावं याकडे जास्त होतं. हेडिगर नावाचा स्विस माणूस, बर्न, बाझल आणि झुरिच अशा तीन ठिकाणच्या प्राणिसंग्रहालयांचा प्रमुख होता, त्याने १९४२ साली बंदिवासातल्या प्राण्यांवर पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं साधं होतं. प्रत्येक जनावराचं माणसापासून एक ठरलेलं अंतर असतं, त्याच्या आत माणूस आला की ते पळतं. पिंजऱ्यात पळायला जागा नसते. तेव्हा निदान लपायला तरी हवी. नुसती किती चौरस फूट जागा दिली हे मोजून भागत नाही, त्या जागेत काय आहे ते बघावं लागतं. आता यात न कळण्यासारखं काय आहे? वीस माणसांच्या खोलीत राहिलेल्या कुठल्याही गिरणी कामगाराने हे हेडिगरला फुकट सांगितलं असतं.

बरं, आता त्या घाम पुसणाऱ्या गृहस्थांची बाजू. ती मला पटत नाही असं नाही. मी मघाशी त्यांच्यावर मनातल्या मनात चिडलो खरा, पण नंतर विचार केला. कल्याण नाही तर विरारहून चार माणसांना लोकलने आणायचं, तिकीट, वडापाव, पोरांना आइस्क्रीम... ताडोब्याला जाऊन जिप्सी करणं त्यांच्या बजेटात नाही आणि पुढची काही वर्षं नसेल. गरिबाचं जंगल हेच. त्यांच्या पोरांनी बिबट्या बघायचाच नाही का? माझ्यासारख्याने, ज्याला आजोळ म्हणून अख्खा कोकण आंदण मिळालाय, त्याने 'न दिसण्यातही मजा असते' वगैरे सांगणं हे जरा पोट भरलेल्याचं तत्त्वज्ञान आहे. आणि ताडोब्याला जाणारे तरी काय वेगळे असतात? तिथेही वाघ नाही दिसला तर ट्रिप फुकट गेली म्हणतात. वाटेत गवे दिसले, रानकुत्रे दिसले, ते धरायचेच नाहीत.

तरीही माझं मत बदललं नाही. कारण ते गृहस्थ थांबले मिनिटभर. जंगलात जिप्सीला पुढे हलावं लागतं, वेळ संपते, गेट बंद होतं. राणीच्या बागेत बाकडी आहेत, सावली आहे, आणि पन्नास रुपयांत दिवसभर बसता येतं. थांबून बघायला यासारखी स्वस्त जागा मुंबईत दुसरी नाही! आणि थांबायला मात्र आपण कोणी पोरांना शिकवत नाही. तिथे पाटीवर जनावराचं नाव, शास्त्रीय नाव, आयुष्यमान, खाद्य सगळं असतं. 'हा दिवसा बहुतेक झोपतो, झाडीत बघा, पाच मिनिटं थांबा' एवढी एक ओळ लिहिली तर काय बिघडेल?

आणि नुसतं समोर दिसलं म्हणजे पाहिलं असंही नाही. क्वागा नावाचं झेब्र्यासारखं एक जनावर होतं, अर्ध्या अंगावर पट्टे असलेलं, दक्षिण आफ्रिकेतलं. त्यातली शेवटची मादी १८८३ साली ऑगस्टमध्ये ॲमस्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात मेली. ती रोज लोकांसमोर होती, अगदी उघड्यावर. पण ती मेल्यावरसुद्धा कोणाच्या लक्षात आलं नाही की ही जगातली शेवटची. दुसरी क्वागा आणायचं बघू, असा प्रकार. टास्मानियन वाघाचंही तेच. १९३६ साली होबार्टला शेवटचा मेला, तोही पिंजऱ्यातच. यांना बघून किती लोकांचे पैसे वसूल झाले असतील!

तर आम्ही बाकड्यावर बसलो. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. मला खरं सांगायचं तर कंटाळा यायला लागला होता, मी मोबाईल काढला. मामा मात्र काळा चष्मा कपाळावर चढवून, डॉक्टरांनी नको म्हटलेलं असताना, एकटक बघत होते.

"थंय आसा," ते म्हणाले.

"कुठे?"

"त्या खडपाच्या उजव्या अंगाक. सगळी पाना गप आसत, ता एकच हलता."

मी बघितलं. पान दिसलं, बाकी काही नाही. मग ते पान पुन्हा हललं आणि लक्षात आलं की ते पान नाही, कान आहे. एकदा कान सापडल्यावर मग सगळंच दिसायला लागलं. कानाखाली डोळा, अर्धा मिटलेला. मग पाठीची रेघ. तो सारा वेळ आमच्याकडेच तोंड करून पडला होता. शेजारी एक सात-आठ वर्षांची मुलगी उभी होती, तिला मी बोट करून दाखवलं. तिला दिसायला बराच वेळ लागला. दिसल्यावर ती ओरडली नाही. नुसती माझ्या बोटाकडे आणि मग तिकडे, असं दोन-तीनदा बघितलं आणि आईला बोलवायला पळाली.

मी मामांचं कौतुक केलं तर त्यांनी उत्तर दिलं नाही. चष्मा परत डोळ्यांवर ओढला. बऱ्याच वेळाने म्हणाले, "तुका ता खवल्या याद आसा?"

मला आठवत होतं. आमच्या घरात ही गोष्ट कोणी काढत नाही, म्हणून इथे लिहावी की नाही असा दोन दिवस विचार करत होतो. पण आता विषय निघालाच आहे.

१९८३च्या मे महिन्यातली गोष्ट. गिरण्यांचा संप १९८२च्या जानेवारीत सुरू झाला होता आणि वर्षभर वाट बघून मामा बिऱ्हाड गुंडाळून गावी परत गेले होते. हाताला काम नव्हतं. मी सुट्टीत आजोळी गेलेलो, वय दहा. डोंगरावर काजूत एक बीळ सापडलं म्हणून मामा आणि आणखी दोघे पिकाव घेऊन गेले आणि संध्याकाळी पोत्यातून खवले मांजर घेऊन आले. मांजर आपलं नावाला. सगळ्या अंगावर शिंगाच्या चिपांसारखे खवले, तोंडात एक दात नाही, मुंग्या आणि वाळवी खाऊन जगणारं, रात्री हिंडणारं जनावर. गावातल्या बहुतेकांनी ते कधी पाहिलेलं नव्हतं. ते डांबराच्या रिकाम्या पिंपात ठेवलं. दुसऱ्या दिवशी बघायला माणसं यायला लागली, शेजारच्या वाड्यांतून, मग पलीकडच्या गावातून. कोणीतरी डोकं लढवलं, मोठ्यांना चार आणे, पोरांना दहा पैसे. पैसे मी गोळा करत होतो, एका नारळाच्या करवंटीत. मला ते फार मानाचं काम वाटलं होतं.

पण एक अडचण होती. ते उघडत नव्हतं. खवले मांजराला भीती वाटली की ते स्वतःभोवती गुंडाळून घेतं, तोंड पोटात आणि वर शेपटी. सिंहालासुद्धा ते उलगडता येत नाही म्हणतात. लोक चार आणे देऊन पिंपात वाकून बघायचे आणि त्यांना दिसायचा एक खवल्यांचा चेंडू. "ह्या काय, फणस?" लोक नाराज व्हायला लागले. पैसे दिलेत तर तोंड दाखवा. मग कोणी वरून पाणी ओतलं, कोणी पिंपावर दगड वाजवला, पोरांनी काठ्या घातल्या. मीही घातली काठी. दोन दिवस ते तसंच होतं, गच्च. तिसऱ्या दिवशी सकाळी जरा सैल पडलेलं दिसलं, आम्हाला वाटलं उघडलं. ते मेलं होतं. पुढे त्याच्या खवल्यांचं आणि बाकीचं काय झालं ते इथे लिहीत नाही, कोकणातल्या माणसाला सांगायची गरज नाही.

वन्यजीव कायदा १९७२चा. म्हणजे आम्ही जे केलं तो तेव्हाही गुन्हाच होता, आमच्या वाडीत कायदा पोचलेला नव्हता एवढंच. आज जगात सर्वांत जास्त चोरटा व्यापार होणाऱ्या सस्तन प्राण्यांत खवले मांजराचं नाव घेतात. २०१६ साली त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालायचं ठरलं. आपल्या कोकणात चिपळूणची सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था त्याच्यासाठी काम करते. बंदिवासात ते टिकवणं महाकठीण, एक तर त्याला मुंग्या-वाळवी पुरवायची कुठून, आणि दुसरं म्हणजे धास्ती. ओडिशात नंदनकाननला त्याच्या पैदाशीसाठी वेगळं केंद्र आहे, पण अशा जागा मोजक्याच. राणीच्या बागेत ते बघायला मिळत नाही, आणि मला त्याचं बरं वाटतं.

"तेवा आमका तेचा तोंड बघूचा होता," मामा म्हणाले. "नि त्येका दाखवूचा नव्हता. इतक्याच."

हे आता इथे संपवलं असतं तर बरं झालं असतं. पण मामांचा नातू देवबागला बोट चालवतो. तारकर्ली-देवबागला गेला असाल तर तुम्हीही त्याच्यासारख्या कोणाच्या तरी बोटीत बसला असाल. कर्लीच्या खाडीचं तोंड, त्सुनामी आयलंड, आणि सकाळी डॉल्फिन. आपल्या किनाऱ्याचे डॉल्फिन हे पाठीवर मदार असलेले, उथळ पाण्यात किनाऱ्याजवळ राहणारे. श्वास घ्यायला वर येतात, पाठ दिसते, पर दिसतो, गेले. जाहिरातीतल्या फोटोसारखी पाण्याबाहेर कमान वगैरे क्वचित. पण बोर्डावर लिहिलेलं असतं 'डॉल्फिन हमखास'. एका बोटीला पाठ दिसली की बाकीच्या सगळ्या बोटी इंजिन वाढवून तिकडे. डॉल्फिन खाली जातो, बोटी गोल फिरून वाट बघतात, तो दुसरीकडे निघतो, पुन्हा सगळे तिकडे. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं, जेमतेम २९ चौरस किलोमीटर, पण डॉल्फिनला काही त्याच्या हद्दी शिकवलेल्या नाहीत.

याउलट कासवांचं बघा. रत्नागिरी जिल्ह्यात वेळासला, आपल्याकडे वेंगुर्ल्याजवळ वायंगणीला, लोक कासवाची पिल्लं समुद्रात जाताना बघायला येतात. घरट्यांवरच्या टोपल्या सकाळ-संध्याकाळ उचलून बघतात. पिल्लं वर आली असतील तर ती समुद्रात सोडतात, नसतील तर माणसं संध्याकाळी परत येतात, गावातच जेवतात, राहतात. टोपलीखाली हात घालून वाळू उकरा, आम्ही पैसे दिलेत, असं तिथे कोणी म्हणत नाही. तेच पर्यटक देवबागला आले की वेगळे का होतात, हे मला कळलेलं नाही. बोर्डावरच्या त्या एका शब्दाने होत असेल कदाचित.

बागेच्या दारात मामांनी मला नातवाला फोन लावायला सांगितला. आधी पेंग्विनचं झालं, मग बिबट्याच्या कानाचं. मग म्हणाले, "आयक. ता 'हमखास' पुसून टाक बोर्डावरसून. दिसलो तर दिसलो. नाय तर नाय म्हणान आधीच सांगूचा."

फोन स्पीकरवर होता. पलीकडून आधी इंजिनचा आवाज, मग पोरगा हसून म्हणाला, "आजोबा, बाजूच्या धा बोटींवर तसाच लिवला हा. मी पुसलंय तर माझ्या बोटीत बसतलो कोण? नि तुमच्या डोळ्याचा ऑपरेशन त्याच पैशातसून झाला मा."

मामा काही बोलले नाहीत. फोन माझ्याकडे दिला, आणि लालबागची बस कुठून सुटते ते विचारलं. त्यांना ती खोली अजून आहे का ते बघायचं होतं.